मिनेसोटाची गव्हर्नरपदाची निवडणूक (१९६२)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिनेसोटा या घटकराज्यात ६ नोव्हेंबर १९६२ रोजी झालेली व दीर्घकाळ चाललेल्या फेरमोजणीमुळे प्रसिद्धी पावलेली निवडणूक. तीत अधिकारारूढ गव्हर्नर, रिपब्लिकन पक्षाचे एल्मर एल. अँडरसन (१९०९–२००४) आणि त्या वेळचे उपगव्हर्नर, डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाचे कार्ल एफ. रोल्व्हाग (१९१३–९०) यांच्यात मुख्य लढत झाली. सुमारे साडेबारा लाख मतांपैकी रोल्व्हाग यांना ६,१९,८४२, तर अँडरसन यांना ६,१९,७५१ मते मिळाल्याचे अखेर ठरले. म्हणजे दोघांत केवळ ९१ मतांचे अंतर राहिले. मतदानापासून नव्या गव्हर्नरच्या शपथविधीपर्यंत १३९ दिवस लोटले. मतदारांचा कौल जवळजवळ समसमान पडला, तर निर्णय कोणी, कोणत्या नियमांनी व कोणत्या पुराव्यावरून करावा, या प्रश्नाचा एक आदर्श उलगडा म्हणून या निवडणुकीचा अभ्यास केला जातो.

गव्हर्नरपदाचे स्वरूप : भारतातील राज्यपाल व अमेरिकेतील घटकराज्याचा गव्हर्नर यांच्यात मूलभूत फरक आहे. भारतातील राज्यपालाची नियुक्ती राष्ट्रपती करतात व तो सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. अमेरिकेतील गव्हर्नर मात्र जनतेने प्रत्यक्ष मतदानाने निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. अर्थसंकल्प विधिमंडळापुढे मांडणे, अनेक अधिकाऱ्यांच्या नेमणुका करणे, विधेयकांवर नकाराधिकार वापरणे आणि राज्याच्या नॅशनल गार्ड या दलाला पाचारण करणे हे अधिकार त्याच्याकडे असतात. या दृष्टीने त्याचे स्थान आपल्याकडील मुख्यमंत्र्याच्या स्थानास अधिक जवळचे आहे. तथापि विधिमंडळाचा विश्वास गमावल्यामुळे त्याला पद सोडावे लागत नाही.

मिनेसोटात त्या काळी गव्हर्नर, उपगव्हर्नर, राज्य सचिव, महान्यायवादी इ. पदांसाठी स्वतंत्रपणे मतदान होई. त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा व उपगव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, असेही घडे. रोल्व्हाग १९५५ पासून उपगव्हर्नर होते. १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे गव्हर्नर पराभूत झाले, तरी त्यांचे स्वतःचे पद टिकले. परिणामी, १९६२ मध्ये परस्परांविरुद्ध उभे राहिलेले हे दोन उमेदवार त्यापूर्वी दोन वर्षे एकाच शासनातील पहिल्या दोन पदांवर होते. १९५८ मध्ये संमत झालेल्या घटनादुरुस्तीने या पदांची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षे करण्यात आली व ती १९६२ च्या निवडणुकीपासून लागू झाली. साहजिकच या लढतीचे मोल पूर्वीच्या निवडणुकांच्या दुप्पट झाले होते.

राजकीय पार्श्वभूमी : मिनेसोटा हे उत्तर सीमेवरील राज्य. दक्षिण व पश्चिम भागांत शेती, ईशान्येस मेसाबी डोंगररांगेतील लोहखनिजाच्या खाणी आणि मध्यभागी मिनीॲपोलिस व सेंट पॉल ही जोडशहरे, अशी त्याची स्थूलमानाने रचना आहे. सेंट पॉल ही राजधानी होय. नॉर्वे, स्वीडन व जर्मनी या देशांतून आलेल्या लोकांच्या वंशजांचा येथील समाजजीवनावर मोठा प्रभाव आहे. सहकारी चळवळ, शेतकऱ्यांच्या संघटना व कामगार संघटना येथे लवकर रुजल्या. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात फार्मर-लेबर या तिसऱ्या पक्षाने फ्लॉइड ओल्सन यांच्या नेतृत्वाखाली राज्याची सत्ता मिळविली होती. १९४४ मध्ये हा पक्ष व डेमोक्रॅटिक पक्ष यांचे एकीकरण होऊन डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्ष अस्तित्वात आला. हे एकीकरण घडविणाऱ्यांत ह्यूबर्ट हम्फ्री प्रमुख होते. पुढे ते सिनेटचे सदस्य व १९६५ ते १९६९ या काळात देशाचे उपाध्यक्ष झाले.

या पक्षाचे ऑर्व्हिल फ्रीमन १९५५ पासून सलग तीन वेळा गव्हर्नर झाले. १९५९ च्या अखेरीस ॲल्बर्ट ली या गावातील मांसप्रक्रिया कारखान्याच्या संपात त्यांनी नॅशनल गार्ड पाठवून कारखाना बंद करविला. या कृतीवर बरीच टीका झाली. १९६० मध्ये अँडरसन यांनी त्यांचा सुमारे २३ हजार मतांनी पराभव केला. विशेष म्हणजे त्याच दिवशी अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन एफ. केनेडी यांना याच राज्याने सुमारे २२ हजार मतांचे आधिक्य दिले होते. मतदार पक्षाकडे पाहून सरसकट मत देत नाहीत, प्रत्येक पदाचा निराळा विचार करतात, हे त्यावरून दिसून आले. पराभूत फ्रीमन यांना केनेडींनी कृषिमंत्री केले. भारतास १९६० नंतरच्या दशकात झालेल्या अमेरिकन गव्हाच्या पुरवठ्याच्या संदर्भात, विशेषतः १९६५ मध्ये रोम येथे सी. सुब्रह्मण्यम् यांच्याशी झालेल्या त्यांच्या वाटाघाटींमुळे, त्यांचे नाव भारतीय वाचकांस परिचित आहे.

उमेदवार : अँडरसन यांचा जन्म शिकागोचा. लहानपणी त्यांना पोलिओ झाला होता व किशोरवयातच ते मातापित्यांच्या छत्रास पारखे झाले. मिनेसोटा विद्यापीठातून १९३१ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते सेंट पॉल येथील सरस व चिकट द्रव्ये बनविणाऱ्या एका कंपनीत शिरले व १९४१ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. १९४९ ते १९५८ या काळात ते राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. नोकऱ्यांतील वांशिक भेदभावास प्रतिबंध करणारा १९५५ चा कायदा संमत होण्यात त्यांचा वाटा होता. गव्हर्नर झाल्यावर १९६१ मध्ये घरांच्या बाबतीतील भेदभावास मनाई करणाऱ्या कायद्याचाही त्यांनी पाठपुरावा केला. उद्योगपती असूनही सामाजिक सुधारणांचा पुरस्कार करणारे, अशी त्यांची ख्याती होती.

रोल्व्हाग हे नॉर्वेजियन भाषेतील नामवंत कादंबरीकार ओले एड्व्हार्ट रोल्व्हाग यांचे पुत्र. नॉर्थफील्ड या गावी त्यांचा जन्म झाला. तेथील सेंट ओलाफ महाविद्यालयात त्यांचे वडील प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात लढताना ते जखमी झाले. युद्धानंतर ते राजकारणात आले, काही निवडणुका हरले, १९५० ते १९५४ या काळात पक्षाचे प्रांतिक अध्यक्ष राहिले आणि त्यानंतर उपगव्हर्नर झाले. अँडरसन यांचे बळ प्रशासकीय कर्तृत्वात होते, तर रोल्व्हाग यांचे बळ पक्षसंघटनेत होते, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

प्रचारातील प्रश्न : पहिला महत्त्वाचा प्रश्न लोहखनिजाचा होता. मेसाबी रांगेतील उच्च प्रतीचे खनिज दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर उपसले गेल्याने त्याचे साठे घटू लागले होते. टॅकोनाइट या कमी लोहांश असलेल्या कठीण खडकापासून लोह वेगळे करण्याची रीत मिनेसोटा विद्यापीठातील ई. डब्ल्यू. डेव्हिस यांच्या दीर्घ संशोधनातून विकसित झाली होती. तथापि या उद्योगास प्रचंड भांडवल लागे. टॅकोनाइटवरील करांचा बोजा भविष्यात अवाच्या सवा वाढविला जाणार नाही, अशी हमी राज्यघटनेतच द्यावी, ही खाणकंपन्यांची मागणी होती. अँडरसन यांनी तिचा पुरस्कार केला. खाणभागातील कामगारवर्गात आणि डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षात तेव्हा तिच्याविषयी संशय होता. घटनेत एखाद्या उद्योगाला विशेष संरक्षण द्यावे काय, की रोजगार टिकविण्यासाठी तशी तडजोड अपरिहार्य आहे, असा हा वाद होता.

दुसरा प्रश्न मतदानास थोडेच दिवस उरले असता अकस्मात पुढे आला. आंतरराज्य महामार्ग क्र. ३५ चा हिंक्ली गावानजीकचा भाग निवडणुकीपूर्वी गव्हर्नरच्या हस्ते खुला करता यावा म्हणून घाईने उरकण्यात आला व त्यात काँक्रीटचे काम निकृष्ट झाले, असा आरोप डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाच्या गोटातून करण्यात आला. हम्फ्री यांच्यासारख्या वजनदार नेत्यांनी तो उचलून धरला. आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा फार मोठा भाग केंद्रशासन देत असल्यामुळे प्रकरणाला केंद्रीय चौकशीचे स्वरूप आले. अँडरसन यांनी आरोप फेटाळले. पण त्यांचे सविस्तर खंडन मतदारांपर्यंत पोहोचण्यास पुरेसा अवधी उरला नव्हता. आरोपांच्या मानाने प्रत्यक्ष दोष किरकोळ होते, असे पुढे दिसून आले. अटीतटीच्या लढतीत या एका प्रकरणाने किती मते फिरली, हे मोजण्याचे साधन नाही. मात्र अखेरचे अंतर लक्षात घेता, ४६ मतदारांनी रोल्व्हाग यांच्याऐवजी अँडरसन यांना मत दिले असते, तरी निकाल उलटला असता. त्यामुळे हे प्रकरण निर्णायक ठरले असे अँडरसन यांच्या समर्थकांना वाटल्यास नवल नाही. पण त्याच न्यायाने प्रचारातील कोणतीही लहानसहान गोष्ट निर्णायक ठरविता येते.

मतदान व पहिली मोजणी : मतदानानंतरच्या रात्री व पुढील काही दिवसांत आघाडी कधी एकाकडे, तर कधी दुसऱ्याकडे जात राहिली. उपगव्हर्नरपदी डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाचे ए. एम. कीथ निवडून आले व महान्यायवादी म्हणून त्याच पक्षाचे वॉल्टर माँडेल यांची पुन्हा निवड झाली. गव्हर्नरपदाचा निकाल मात्र लागेना.

मिनेसोटात ८७ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील लहान जिल्हा. प्रत्येक मतदान केंद्रावरील अधिकारी मते मोजून तक्ता काउंटीकडे पाठवीत. काउंटीचे मंडळ त्यांची बेरीज करून अहवाल राज्य सचिवाकडे देई व राज्य सचिव आणि न्यायाधीश यांचे राज्य मतगणना मंडळ सर्व अहवाल एकत्र करून निकाल जाहीर करी. ही पद्धती सामान्यतः बिनचूक असली, तरी तिच्या प्रत्येक पायरीवर माणसाच्या हातून चूक होण्यास वाव होता. दिवसभर मतदान घेऊन थकलेले अधिकारी रात्री उशिरापर्यंत मतपत्रिका मोजीत. कोठे बेरीज चुके, कोठे अंकांची अदलाबदल होई, तर कोठे एका उमेदवाराची मते दुसऱ्याच्या रकान्यात लिहिली जात. फरक हजारोंचा असतो तेव्हा अशा चुकांकडे कोणी पाहत नाही. फरक शंभराच्या आत आला, की तीच चूक निकालाचे कारण होते.

काउंट्यांच्या मूळ अहवालांनुसार रोल्व्हाग ५८ मतांनी पुढे होते. त्यानंतर दहा काउंट्यांनी चुका दुरुस्त करून सुधारित अहवाल पाठविले. ते स्वीकारले असता अँडरसन १४२ मतांनी पुढे जात होते. एकदा अहवाल सादर केल्यावर काउंटीच्या मंडळाला तो बदलण्याचा अधिकार राहतो काय, हा कायद्याचा प्रश्न होता. राज्य मतगणना मंडळात त्यावर एकमत होऊ शकले नाही व प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. सुधारित अहवाल ग्राह्य धरावेत, असा निर्णय न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दिला. परिणामी अँडरसन यांची १४२ मतांची आघाडी अधिकृत ठरली.

या निर्णयावर रोल्व्हाग यांच्या समर्थकांनी नाराजी व्यक्त केली व न्यायाधीशांच्या राजकीय पूर्वेतिहासाचीही चर्चा झाली. तथापि या टप्प्यावरील प्रश्नाची मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. कागदावरील कोणते आकडे धरावेत, एवढेच न्यायालयापुढे होते. पेटीतील मतपत्रिका कोणी पाहिलेल्या नव्हत्या. त्या पाहिल्याखेरीज खरे काय हे कळणार नाही, हे दोन्ही पक्षांस उमजले होते.

फेरमोजणी : अत्यल्प फरक असल्यास शासनाने आपण होऊन फेरमोजणी करावी, अशी तरतूद तेव्हा या पदाच्या निवडणुकीस लागू नव्हती. म्हणून रोल्व्हाग यांनी निवडणुकीच्या निकालास जिल्हा न्यायालयात आव्हान दिले. प्रकरण ऐकण्यासाठी उभय पक्षांना मान्य होतील अशा तीन जिल्हा न्यायाधीशांचे पीठ नेमण्यात आले. न्यायाधीश कोण असावेत याविषयी आधी संमती मिळविल्यामुळे पुढे ते काय ठरवितात याविषयी संशय घेण्यास फारशी जागा उरली नाही.

मतपत्रिका तपासण्याचे काम त्रिसदस्य गटांकडे सोपविण्यात आले. प्रत्येक गटात एक निरीक्षक रिपब्लिकन पक्षाचा, एक डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाचा व तिसरा उभयतांना मान्य असलेला तटस्थ असे. असे सुमारे शंभर गट डिसेंबर १९६२ पासून निरनिराळ्या काउंट्यांत काम करू लागले. मतपत्रिकांची एकेक पेटी त्यांच्यासमोर उघडली जाई, एकेक मतपत्रिका पाहिली जाई आणि तिघांचे एकमत झाल्यास ते मत त्या त्या उमेदवाराच्या खाती जमा होई. कोणी हरकत घेतल्यास ती मतपत्रिका वेगळी ठेवून न्यायालयाकडे पाठविली जाई.

हरकतींचे प्रकार लक्षात घेतल्यास मतमोजणी हे केवळ गणित नसून अर्थनिर्णयाचेही काम आहे, हे स्पष्ट होते. मतदाराने उमेदवाराच्या नावासमोरील चौकटीत फुली मारावी, अशी अपेक्षा असते. परंतु कोणी फुली चौकटीबाहेर मारतो, कोणी फुलीऐवजी बरोबरची खूण करतो, तर कोणी एका नावासमोरील खूण खोडून दुसऱ्यासमोर करतो. अशा वेळी मतदाराचा हेतू स्पष्ट असल्यास केवळ तांत्रिक दोषामुळे मत बाद करू नये, हे तत्त्व मिनेसोटाच्या कायद्यात मान्य केलेले आहे. याच्या उलट, मतपत्रिकेवर मतदाराने आपली ओळख पटेल अशी सही वा खूण हेतुतः केली असल्यास ते मत बाद ठरते. कारण गुप्तता मोडली, तर मत विकत घेणाऱ्यास आपला सौदा पुरा झाला की नाही हे पडताळता येते. मतपत्रिकेच्या पाठीवर मतदान अधिकाऱ्यांच्या आद्याक्षरी आहेत की नाहीत, यासारखे प्रश्नही असतात. तेथे अधिकाऱ्याच्या चुकीची शिक्षा मतदारास द्यावी काय, हा खरा मुद्दा असतो. मतदाराचा हेतू जपणे, गुप्तता राखणे व गैरप्रकार रोखणे ही तिन्ही उद्दिष्टे योग्यच आहेत. पण एखाद्या विशिष्ट मतपत्रिकेपुरती ती परस्परांच्या आड येऊ शकतात.

प्रारंभी निरीक्षकांनी घेतलेल्या हरकतींची संख्या फार मोठी होती. प्रतिपक्षाचे मत शक्य तर रोखून धरावे, हा कल उभय बाजूंस होता. उभय पक्षांच्या वकिलांनी टप्प्याटप्प्याने बहुतेक हरकती मागे घेतल्या. ज्या मोजक्या मतपत्रिकांविषयी खरोखरच मतभेद होता, त्याच न्यायाधीशांपुढे उरल्या. त्यांनी त्या प्रत्यक्ष पाहून निर्णय दिला आणि मार्च १९६३ मध्ये रोल्व्हाग ९१ मतांनी निवडून आल्याचे घोषित केले.

या आकड्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावता येईल. अधिकृत पहिल्या निकालात अँडरसन १४२ मतांनी पुढे होते. अखेरच्या निकालात ते ९१ मतांनी मागे पडले. म्हणजे फेरमोजणीने निव्वळ २३३ मतांचा फरक पाडला. दोन प्रमुख उमेदवारांना पडलेल्या सुमारे १२ लाख ४० हजार मतांच्या मानाने हे प्रमाण पाच हजारांत एक याहूनही कमी भरते. हजारो सामान्य नागरिकांनी हाताने केलेल्या मोजणीची ही अचूकता निश्चितच प्रशंसनीय होय. तथापि विजयाचे अंतर त्याहूनही सूक्ष्म, सुमारे १३,६०० मतांमागे एक, एवढेच होते. मापनातील संभाव्य चूक ज्या राशीचे मापन करावयाचे तिच्याहून मोठी असेल, तर पहिल्या मापनावर विसंबता येत नाही, हा भौतिक शास्त्रांतील नियम येथे निवडणुकीस लागू पडला.

मधला काळ व सत्तांतर : जानेवारी १९६३ मध्ये नवी मुदत सुरू झाली, तेव्हा निकाल अनिश्चितच होता. उत्तराधिकारी निवडला जाऊन पदग्रहण करीपर्यंत जुन्या गव्हर्नरने पदावर राहावे, अशी राज्यघटनेत तरतूद आहे. तदनुसार अँडरसन कारभार पाहत राहिले. नवे उपगव्हर्नर कीथ यांनी जानेवारीत सूत्रे घेतली. त्यामुळे जुन्या पदाची मुदत संपलेले रोल्व्हाग या काळात कोणत्याच पदावर नव्हते. विधिमंडळाचे अधिवेशन, अर्थसंकल्प, नेमणुका ही सर्व कामे पुढे चालविणे भाग होते. पण ती चालविणारा गव्हर्नर काही आठवड्यांनी असेल की नसेल, हे कोणासच ठाऊक नव्हते.

ही परिस्थिती नाजूक होती. ज्याच्या निवडीविषयी वाद आहे तोच सत्तेवर आहे आणि वाद लांबविण्यात त्याचा प्रत्यक्ष लाभ आहे, असा तो पेच होता. जिल्हा न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा मार्ग अँडरसन यांना मोकळा होता. हेच न्यायालय सुधारित अहवालांच्या प्रश्नावर तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांना अनुकूल असा निर्णय देऊन चुकले होते. अपील केले असते, तर निदान आणखी काही काळ पद राखता आले असते. अँडरसन यांनी अपील न करण्याचे ठरविले. २५ मार्च १९६३ रोजी रोल्व्हाग यांचा शपथविधी झाला व सत्तांतर शांततेने पार पडले.

नंतरच्या घडामोडी : टॅकोनाइटचा प्रश्न निवडणुकीच्या निकालाने मिटला नाही; परंतु तो सुटला तो अँडरसन यांनी मांडलेल्या दिशेनेच. डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाच्या नेत्यांनी आपली भूमिका बदलून घटनादुरुस्तीस पाठिंबा दिला व १९६४ मध्ये मतदारांनी ती मोठ्या बहुमताने संमत केली. त्या वेळी गव्हर्नर रोल्व्हाग होते. पराभूत उमेदवाराचे धोरण विजयी पक्षाने स्वीकारल्याचे हे एक लक्षणीय उदाहरण आहे.

रोल्व्हाग यांना आपल्याच पक्षात विरोध होऊ लागला. १९६६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात वीस फेऱ्यांच्या मतदानानंतर उपगव्हर्नर कीथ यांना अधिकृत पाठिंबा देण्यात आला. रोल्व्हाग यांनी प्राथमिक निवडणुकीत कीथ यांचा पराभव करून उमेदवारी मिळविली. पण नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाचे हॅरल्ड लेव्हँडर यांच्याकडून ते पराभूत झाले. अशा रीतीने १९६० ते १९६६ या काळात मिनेसोटाच्या मतदारांनी फ्रीमन, अँडरसन व रोल्व्हाग या तीन अधिकारारूढ गव्हर्नरांस लागोपाठ नाकारले. पद हाती असणे हे उमेदवाराचे बळ असते, तसेच कारभारातील प्रत्येक गाऱ्हाण्याचे धनीपणही त्याच्याकडेच येते, हे त्यावरून दिसते. रोल्व्हाग १९६७ ते १९६९ पर्यंत आइसलँडमध्ये अमेरिकेचे राजदूत होते.

अँडरसन पुन्हा गव्हर्नर झाले नाहीत. तथापि सार्वजनिक जीवनातून ते निवृत्तही झाले नाहीत. मिनेसोटा विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे ते सदस्य व पुढे अध्यक्ष होते. राज्याच्या उत्तर सीमेवरील सरोवरप्रदेशात व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. १९७१ मध्ये त्यासाठी कायदा झाला व १९७५ मध्ये उद्यान स्थापन झाले. नंतर ते वृत्तपत्र-प्रकाशनाच्या व्यवसायात पडले. ग्रंथसंग्राहक म्हणूनही ते प्रसिद्ध होते. विद्यापीठाच्या एका ग्रंथालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

महत्त्व : अत्यल्प मतांनी लागलेले निकाल अमेरिकेच्या इतिहासात अपूर्व नाहीत. १९६२ मध्येच ऱ्होड आयलंड राज्यात जॉन चेफी यांनी अधिकारारूढ गव्हर्नरवर ३९८ मतांनी विजय मिळविला. मिनेसोटातही २००८ च्या सिनेटच्या निवडणुकीत आरंभी पिछाडीवर असलेले अल फ्रँकन फेरमोजणी व न्यायालयीन सुनावणीनंतर ३१२ मतांनी विजयी ठरले आणि जुलै २००९ मध्ये त्यांनी शपथ घेतली. दरम्यान अल्प फरक असल्यास शासनाच्या खर्चाने फेरमोजणी करण्याची तरतूद या राज्याच्या कायद्यात झाली होती. १९७४ च्या निवडणुकीपासून गव्हर्नर व उपगव्हर्नर यांना जोडीने निवडण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे ही दोन पदे भिन्न पक्षांकडे जाण्याचा प्रसंगही टळला.

१९६२ च्या निवडणुकीचे महत्त्व केवळ ९१ या आकड्यात नाही. उभय पक्षांनी न्यायाधीश आधी मान्य केले, प्रत्येक मेजावर एक तटस्थ माणूस बसविला, मतपत्रिका हाच अंतिम पुरावा मानला आणि निकाल लागल्यावर तो स्वीकारला. यांपैकी एकही दुवा निखळला असता, तर इतक्या सूक्ष्म अंतराने आलेल्या गव्हर्नरचा अधिकार निम्म्या राज्याने मानला नसता. फेरमोजणीने निर्विवाद सत्य हाती येते असे नाही. काही मतपत्रिकांचा अर्थ दुसऱ्या न्यायाधीशांनी कदाचित वेगळा लावला असता. ज्या पद्धतीने निर्णय झाला ती हरणाऱ्यासही न्याय्य वाटणे, हे अशा वेळी निकालाइतकेच महत्त्वाचे ठरते. मिनेसोटातील त्या हिवाळ्यात ते साधले, म्हणून लोकशाहीच्या अभ्यासकांना या निवडणुकीकडे पुनःपुन्हा वळावे लागते.